मंगळवार-शुक्रवारचा आवाज

मोटार इन्स्पेक्टरने आपली छत्री मिटली, वाकून तिचं टोक लाल मोटारीच्या मागच्या नळीत घातलं आणि हलकेच ढकललं. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

"मध्ये काहीच नाही?" त्याने विचारलं.

"नाही साहेब," हरिश्चंद्र प्रभुतेंडोलकर अभिमानाने म्हणाला. "माझ्याकडे आली तेव्हापासून मोकळीच आहे. शर्यतीची गाडी ना. आधीच्या गोऱ्या साहेबाने सायलेन्सर काढून टाकला होता."

इन्स्पेक्टरने छत्री बाहेर काढली. ती आत जाताना राखाडी होती, बाहेर आली ती काळी. महिन्यातून एकदा तो रत्नागिरीहून कणकवलीला येई आणि आंब्याखाली टेबल टाकून मोटारी तपासत बसे. माणूस घाटावरचा होता. त्याला उकाडा सोसत नसे, मासे चालत नसत, आणि आता छत्रीही गेली होती.

"नियम वाचा. प्रत्येक मोटारीला सायलेन्सर हवा आणि धूर दिसता कामा नये. शिवाय तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय. मसुऱ्याहून."

"कोणाची?"

"ते सांगायचं नसतं. महिन्याच्या आत आवाज बंद करून आणा, नाहीतर गाडी घरात ठेवा आणि तिच्यात कोंबड्या पाळा. आणि शाळेसमोर भोंगासुद्धा वाजवायचा नाही."

हरिश्चंद्र विमा एजंट होता. वय एकतीस, लग्न व्हायचं होतं. त्याच्या मामाने मुंबईत विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून ही दोन माणसांची उघडी मोटार घेतली, चाळीतल्या लोकांनी आठ दिवसांत मामाला हात जोडले, आणि मामाने ती भाच्याच्या गळ्यात बांधली. विम्याच्या धंद्याला असली मोटार म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. वडाच्या घाटीला मोटार लागली की तिची गुरगुर अख्ख्या मसुऱ्यात ऐकू येई. लोक सावध होत. हरिश्चंद्र दारात पोचेपर्यंत पुरुषमाणसं मागच्या काजीत, काजूच्या झाडांत, पसार झालेली असत, आणि ओटीवर बायका निवांतपणे सांगत, "घोव घराक नाय. कधी येतलो ता माका काय म्हायत."

चार वर्षांत मसुऱ्यात त्याने तीन विमे उतरवले होते. त्यातला एक बहिऱ्याचा होता.

पण हरिश्चंद्राची तक्रार नव्हती, कारण मसुऱ्याच्या वळणावर शाळा होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मोटार वळणाशी येई आणि त्याच वेळी शाळेच्या दारात सरला सामंत नावाची शिक्षिका डस्टर झटकायला येई. शाळा अकराला भरते. दहा मिनिटांत फळ्यावर असं कितीसं लिहून होतं? पण ती येई. दाराच्या चौकटीवर डस्टर दोनदा आपटे, खडूच्या धुरळ्यातून एकदा रस्त्याकडे बघे आणि आत जाई. हरिश्चंद्र पायाने दोनदा जोर देई, मोटार दोनदा डरकाळी फोडी, आणि संपलं. दोन वर्षं एवढंच चाललं होतं. थांबायची त्याची छाती नव्हती, कारण सरलाचे वडील अप्पा सामंत त्याच शाळेचे हेडमास्तर होते आणि त्यांच्या भुवया फार जाड होत्या.

एवढ्याशा गोष्टीवर माणूस जगू शकतो का, असं कोणी विचारील. मंगळवार ते शुक्रवार सहज जगतो. शुक्रवार ते मंगळवार जरा जड जातं.

कणकवलीच्या बाबली मिस्त्रीने पाच दिवस खपून मोटारीला सायलेन्सर बसवला. तो एका मोडक्या ट्रकाचा होता आणि मोटारीपेक्षा थोडाच लहान होता. धूर बंद व्हावा म्हणून इंजिनही त्याने खोलून धुतलं. मग मोटार चालू केली.

"चालू कर ना रे," हरिश्चंद्र म्हणाला.

"चालूच आसा," बाबली म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "हरीभाव, वायट वाटान घेव नको. पण ही आता मोटार रवली नाय. वहाण झाली."

शुक्रवारी हरिश्चंद्र निघाला. वडाच्या घाटीत त्याला शेजारच्या टोपलीतले विम्याचे कागद फडफडताना ऐकू आले. वळणावर आला. आत मुलं पावकी म्हणत होती, दार उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. त्याने पायाने दोनदा जोर दिला. मोटारीने दोनदा उसासा टाकला. समोरच अप्पांनी नवी पाटी ठोकली होती, 'येथे भोंगा वाजवू नये.' मंगळवारी तेच झालं. त्यापुढच्या शुक्रवारी तो मागे जाऊन दोनदा त्या वळणावरून गेला. दारात एक कुत्रं बसलं होतं, तेसुद्धा उठलं नाही. आपल्याकडे नव्हे, ती आजवर त्या आवाजाकडे बघत होती की काय, असं त्याच्या मनात आलं आणि जाईना.

आणि दैवाची थट्टा बघा, त्याच दिवसांत त्याचा धंदा मात्र फोफावला.

चार वर्षं हाती न लागलेला गणपत गुरव ओटीवर अर्धी दाढी करून बसला होता. समोर हरिश्चंद्र उभा.

"खयसून इलंस?" गणपतने विचारलं. वस्तरा गालावरच राहिला.

"रस्त्यान."

"मोटार खंय?"

"ती काय, माडाखाली."

गणपतने मागच्या दाराकडे पाहिलं, अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि मुकाट्याने सही केली. पुढे मथुराबाईने सवयीने "घोव घराक नाय" म्हटलं, पण घोव तिच्या शेजारीच बसून पेज जेवत होता. पंधरा दिवसांत अकरा विमे झाले. कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते हरिश्चंद्राने वाचून खिशात घातलं आणि कपड्यांबरोबर धुऊन टाकलं. लोक धास्तावले. मोटार नाय ती, मांजार, असं म्हणू लागले. माणसं झाडावरून टेहळणी करू लागली. सावित्री परबीणीने नवऱ्याला दिवसभर माळ्यावर ठेवलं, तो तिथून पडला, आणि लंगडत खाली आला तो नेमका हरिश्चंद्राच्या पुढ्यात.

सही करताना गणपतने एक बातमी सांगून टाकली होती. सूड म्हणून नव्हे, सहज.

"अप्पांच्या चेडवाक जामसंड्याचो लग्नाचो जागो इलोहा. कचेरीत आसा म्हणतत. बुधवारी होय-नायचा पत्र जातला."

"ती काय म्हणता?" हरिश्चंद्राने विचारलं. आवाज त्याचाही मोटारीसारखाच झाला होता.

"काय म्हणतली? गप रवता. आधी गजाली तरी करी, आता ताय नाय."

म्हणजे ठरलंच, हरिश्चंद्राने मनाशी म्हटलं. जिचं लग्न ठरतंय ती परक्याच्या मोटारीला डस्टर कशाला झटकील? दाराशी न येण्याचा अर्थ त्याला आता कळला. कळला तो साफ चुकीचा कळला, पण दुखला बरोबर जागी.

मसुरकरांनी अखेर देवाला साकडं घातलं. सोमवारी देवळात माणसं जमली, हरिश्चंद्रही तिथेच खांबाला टेकून उभा राहिला. त्याला कोणी हाकललं नाही, देवळातून माणसाला हाकलीत नाहीत. गणपतने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"हरीच्या मोटारीचो जो आवाज सरकारान काढून घेतल्यान, तो होतो तसो परत कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही जी विम्याची पिडा गावाच्या मागे लागली, ती घाटयेपलीकडे घालव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांत मोठ्याने हरिश्चंद्र म्हणाला. लोकांनी वळून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. विमेवाल्यालाही काळीज असतं, हे मसुऱ्यात त्या दिवशी प्रथमच कळलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तो कणकवलीला आंब्याखाली हजर झाला. इन्स्पेक्टरने नवी छत्री नळीत घालायचं टाळलं, नुसता कान लावला, पांढरा रुमाल धरून पाहिला आणि दाखल्यावर शिक्का मारला.

"उत्तम. आता तुमच्याबद्दलची दुसरी तक्रार."

"आता काय? आवाज नाही, धूर नाही."

"तेच." इन्स्पेक्टरने फाइल उघडली. "पहिली तक्रार मसुऱ्याच्या शाळेची. वर हेडमास्तरांची सही, खाली आवाजाच्या नोंदींचा तक्ता. आम्ही आठ दिवसांच्या नोंदी मागतो. इथे चार महिन्यांच्या आहेत. बघा तरी."

तक्ता सुरेख अक्षरात आखलेला होता. वार, वेळ, आवाज, शेरा. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, 'वाहन शाळेसमोर थांबले काय?' हरिश्चंद्र बोट ठेवून वाचू लागला.

मंगळवार, अकरा दहा, दोनदा मोठा आवाज. शुक्रवार, अकरा बारा, दोनदा. मंगळवार, अकरा चाळीस, उशीर, कारण कळले नाही. शुक्रवार, आले नाही. मंगळवार, आले नाही, वाहनचालक आजारी असल्याचे ऐकले. शुक्रवार, अकरा दहा, आवाज नेहमीसारखा, चालक बारीक झालेला दिसला.

शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. नाही. नाही. नाही. नाही.

"अकरा वर्षं तक्रारी वाचतोय मी," इन्स्पेक्टर म्हणाला. "ज्याला आवाजाचा त्रास होतो, तो आवाज न आल्याची नोंद कशाला ठेवील? हेडमास्तरांनी वरचं पान वाचून सही ठोकलेली दिसते. आता हा दुसरा अर्ज ऐका. अक्षर तेच, सही वेगळी." त्याने चष्मा चढवला. "'महाशय, आपल्या हुकुमापासून सदर वाहनाचा आवाज शाळेत ऐकू येत नाही. वर्ग चालू असताना वारंवार दारात जाऊन पाहणे शक्य नाही. तरी सदर वाहन मंगळवारी व शुक्रवारी या रस्त्याने अजून जाते किंवा कसे, याचा खुलासा बुधवारपूर्वी व्हावा, ही विनंती.' बुधवारच का, ते लिहिलेलं नाही."

हरिश्चंद्राला माहीत होतं. तो उठून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उठला.

"टपालाने उत्तर बुधवारच्या आत पोचायचं नाही," इन्स्पेक्टर म्हणाला.

"द्या साहेब. मी नेतो."

इन्स्पेक्टरने टाक बुडवला आणि एका ओळीचा खुलासा लिहिला. 'सदर वाहन नियमित जाते. फक्त ऐकू येत नाही.' खाली सही केली, शिक्का मारला, आणि कागद देताना पहिल्यांदाच हसला.

मोटार त्या दिवशी नियम सोडून बाकी सगळं मोडीत मसुऱ्याला गेली. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती वळणावर आली आणि पाटीखाली थांबली. आत जायचं म्हणजे आधी अप्पांच्या खुर्चीसमोरून जायचं. त्याने कागद छातीशी धरला आणि पायरी चढला.

अप्पा सामंतांनी मान वर केली. दारात विमेवाला, हातात कागद. मसुऱ्यात विमा न उतरवलेली जी माणसं उरली होती, त्यांत अप्पा एक होते. जाड भुवया क्षणभर थरथरल्या.

"सरला, वर्ग सांभाळ गो," ते म्हणाले. "माका जरा मागे काजीत काम आसा." आणि चाळीस वर्षं ज्याने कोणाला वर्गातून पळू दिलं नाही, तो माणूस मागच्या दाराने धोतर सावरीत दिसेनासा झाला.

सरला फळ्याकडे तोंड करून लिहीत होती, ती वळली. हातात डस्टर होतं. मुलांनी पावकी थांबवली.

"तुमी इलात कधी?" ती म्हणाली. "माका आयकाक येवक नाय."

"मी दर खेपेक येय होतंय," हरिश्चंद्र म्हणाला. "पंधरा दिवस. तुमी दारात नाय होतात."

"माका वाटला, तुमी रस्तो बदललात."

"माका वाटला, तुमी बदललात."

त्याने कागद पुढे केला. तिने तो वाचला. एवढीशी ओळ, पण वाचायला तिला बराच वेळ लागला. मग तिने टेबलाचा खण ओढला. आत जामसंड्याचा पत्ता लिहिलेला एक लिफाफा होता, तो बाजूला सारून तिने खालची आखलेली वही काढली.

"जामसंड्याक काय लिवतलात?" हरिश्चंद्राने विचारलं.

"घरातली नि शाळेतली पत्रा मीच लिवतंय," ती म्हणाली. "अप्पा वाचतत फक्त वरचा पान."

तिने टाक घेतला आणि उभ्या उभ्या नोंद केली. हरिश्चंद्राने ती उलट्या बाजूने वाचली.

मंगळवार. अकरा दहा. आवाज नाही.

शेवटच्या रकान्यापाशी तिचा हात जरा अडला. मग तिने तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'थांबले.'