शुक्रवारी लेक धाडत नाहीत

बन्सीधररावांनी जन्मात कधी वार पाहिला नव्हता. म्हैस मंगळवारी विकली, बोअर ऐन अमावास्येला पाडला, आणि दोन्ही वेळा कुणी अडवलं तर त्याच्यावरच खेकसले. त्यामुळे लेकीच्या परतीच्या तिकिटावरची तारीख वाचून ते ओसरीतूनच गरजले, "शुक्रवार? शुक्रवारी लेक धाडत न्हाईत!" तेव्हा घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

लेक म्हणजे अर्पिता. जर्मनीत म्युनिकच्या दवाखान्यात नर्स. दोन वर्षांनी, धाकट्या भावाच्या, आदिनाथच्या लग्नासाठी, ती परभणीजवळच्या पोखर्णीला घरी आली होती. लग्न झालं, नवी नवरी भक्ती घरात आली, गावच्या नरसिंहाच्या पाया पडून झालं, पाहुणे पांगले. आता सोमवारी अर्पिताला कामावर हजर व्हायचं होतं. नोकरी पक्की व्हायच्या बेतात आलेली. एक खाडा पडला तर केलेलं सगळं पाण्यात.

"अवं, तुमी कधीपासून वार पाहायला लागले?" कमलबाईंनी पदराला हात पुसत नवऱ्याला विचारलं.

"लेकीच्या बाबतीत पाहावा लागतो. लक्ष्मी हाय ती घरची."

"आन् मागल्या शुक्रवारी सोयाबीन इकलं ते?"

"सोयाबीन काय लक्ष्मी हाय व्हय?"

"मंग त्याचे पैसे आले ते काय हायेत?"

उत्तर सुचलं नाही की बन्सीधरराव चप्पल घालतात. त्यांनी चप्पल घातली, तिकिटाचा कागद खिशात कोंबला, अर्पिताला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि तडक परभणी गाठली.

परभणीत हरिओमचं दुकान. त्याचा मूळ धंदा तिरुपती आणि काशीच्या बसगाड्यांचा. विमानाची तिकिटं काढायचं खूळ अलीकडचं. अर्पिताचं हैदराबादहून दोहामार्गे म्युनिकचं तिकीट त्यानंच काढलेलं.

"हरिओम, ही तारीख बदल. एक दिस फुडं."

"काका, ही काय ट्रॅव्हल्सची गाडी हाय का, डायवरला फोन करून सांगायला? कंपनीला विचारावं लागतं, कारण द्यावं लागतं, वरचा फरक भरावा लागतो."

"भरतो. कारण बी देतो. लाव फोन."

हरिओमनं फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. बराच वेळ नुसतं संगीतच वाजत होतं. चहा आला, गार झाला, दुसरा आला. बन्सीधरराव जागचे हलले नाहीत. शेवटी एक मुलगी बोलायला लागली.

"सर, तारीख बदलने का कारण?"

"शुक्रवार."

"जी सर, आपकी फ्लाइट शुक्रवार की ही है."

"वहीच तो रोना है बेटा. शुक्रवारकु बेटी नै भेजते हमारे में. तू तेरी माँकु पूछके देख."

मग ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, हमारे यहाँ बुधवार को नहीं भेजते."

"बघ!" बन्सीधररावांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप नाचला. "कंपनीला बी पटलं!"

कंपनीला पटलं, पण विमानात जागा नव्हती. शनिवारी हैदराबादहून सगळं भरलेलं. रविवारी होती, पण रविवारी निघून सोमवारी कामावर कशी पोचणार?

"जाऊ द्या काका," हरिओम म्हणाला, "शुक्रवारीच—"

"जाऊ द्या म्हणायला तुझी लेक हाय का? दुसऱ्या वाटेनं बघ."

मग हरिओमनं चेन्नई पाहिली, दिल्ली पाहिली, आणि अखेर मुंबई सापडली. मुंबईहून दोहा, दोहाहून म्युनिक. शनिवारी, पहाटे. फरकाचा आकडा तोंडानं सांगायची हरिओमला हिंमत झाली नाही. त्यानं संगणकाचा पडदाच काकांकडे वळवला. बन्सीधररावांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "कर." कंपनीला प्रवाशाचा होकार हवा होता. अर्पितानं फोनवर "हो, मला चालेल" म्हटलं आणि तारीखही बदलली, वाटही बदलली.

येताना बन्सीधरराव पेढे घेऊन आले. आदिनाथच्या लग्नातसुद्धा ते इतके खूश दिसले नव्हते. कमलबाईंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"शिदोरीचे धपाटे कवा लावू? निघायचं कवा?"

"शनिवारी."

"शनिवारी कितीला हाय विमान?"

"पहाटं तीनला."

"मुंबईहून?"

"व्हय."

"मंग पोखर्णीतून कवा निघायचं?"

बन्सीधररावांनी बोटं मोजायला घेतली. परभणी, देवगाव फाटा, जालना, तिथून समृद्धीवरून मुंबई. विमानतळावर चार तास आधी. वाटेत जेवण. बोटं उलटी-सुलटी दोनदा फिरली आणि दोन्ही वेळा शुक्रवार सकाळवर येऊन थांबली.

"आन् जुन्या तिकिटावर?" कमलबाईंनी विचारलं.

आदिनाथनं खाली मान घालून सांगितलं, "जुनं हैदराबादहून शुक्रवारी पहाटं होतं. म्हंजी घरातून गुरुवारी दुपारीच निघायचं होतं."

थोडक्यात काय, तर लेकीनं शुक्रवारी घर सोडू नये म्हणून या सद्गृहस्थानं घसघशीत पैसे ओतून तिचं गुरुवारचं निघणं शुक्रवारवर आणून ठेवलं होतं. याला म्हणतात कर्तबगारी!

हरिओमला फोन गेला. "जुनी जागा गेली काका," तो काकुळतीला आला, "आता परत लावला तर ती पोरगी नोकरी सोडून जाईल."

"मग गुरुवारीच निघा की," कमलबाई म्हणाल्या. "डोंबिवलीला माझी बहीण राजेश्री हायच. एक रात्र तिथं राहा."

"छ्या! म्हंजी एक दिस वाया!"

"वाया कसा?"

"म्हंजी... पाहुण्याला कशाला तरास?" असं म्हणून बन्सीधररावांनी चप्पल घातली.

परत आले ते तोडगा घेऊनच. जुनी माणसं निघायचा दिवस वाईट असला की आदल्या दिवशी प्रस्थान ठेवत. आपलं गाठोडं चांगल्या वेळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथून उचलून चालू लागायचं. म्हणजे घर आदल्या दिवशीच सुटलं, वाईट वाराला तोंड नाही. "पर नुसती बॅग ठेवून भागायचं न्हाई," बन्सीधररावांनी जाहीर केलं, "आपण लेकच ठेवू."

समोरच सरजाबाईंचं घर. सत्तरीची एकटी बाई, मूलबाळ नाही. मधली गल्ली एवढी अरुंद की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागावा. गुरुवारी तिन्हीसांजेच्या आत अर्पिता दोन बॅगा घेऊन ती गल्ली ओलांडून गेली. "काकू, आता ही तुझी लेक," बन्सीधरराव म्हणाले, आणि सरजाबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं.

थोड्या वेळानं कमलबाई धपाटे द्यायला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आदिनाथ आणि भक्ती चार्जर द्यायला म्हणून गेले आणि तिकडेच पत्ते खेळत बसले. बन्सीधररावांनी रिकाम्या घरात बातम्या लावल्या, बंद केल्या, आणि आपली उशी काखेत मारून तेही समोर गेले. सरजाबाईंनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या. अर्पिताच्या डोक्याला तेल लावता लावता त्या जन्मभराचं बोलून घेत होत्या.

शुक्रवारी सकाळी ठरवलेली जीप घेऊन शिवकांत दारात आला. बॅगा चढल्या. अर्पिता कुंकू लावून, हातावरचं दही खाऊन निघाली, तर सरजाबाई उंबऱ्यावर आडव्या बसलेल्या.

"काकू, सरक जरा. उशीर व्हायलाय," बन्सीधरराव म्हणाले.

"कुठं? शुक्रवार हाय आज. माझ्या घरातून लेक जाणार न्हाई."

"काकू, लेक माझी हाय!"

"काल तूच म्हणला न्हवं, आता ही तुझी म्हणून? माझ्या हातचं खाल्लं, माझ्या वाकळंत झोपली. सत्तर वर्षांत एक लेक मिळाली, ती शुक्रवारी घालवू व्हय?"

शिवकांतनं हॉर्न दिला. अर्पितानं घड्याळ पाहिलं. कमलबाईंनी समजावलं, भक्तीनं हात जोडले, पण सरजाबाई हलायला तयार नाहीत. शेवटी बन्सीधरराव अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं काकू, शुक्रवार-बिक्रवार सगळं थोतांड हाय!"

"मंग चार दिसापासून गाव डोक्यावर घेऊन काय करायलायस तू?"

बन्सीधररावांनी सवयीनं चप्पल शोधली, पण ती उंबऱ्यापलीकडे होती. त्यांचे डोळे भरून आले.

"एक दिस जास्ती राहील म्हणून केलं, काकू. दोन वर्षांनी आली. लग्नात पाहुण्यांतच गेली, माझ्या वाट्याला आलीच न्हाई. राहा म्हणायला तोंड होईना, म्हणून शुक्रवार काढला."

मग अर्पिता बापाचा हात धरून म्हणाली, "अप्पा, जुन्या तिकिटावर गुरुवारी निघायचं होतं, हे मला म्हाईत होतं की. विमानात बसणारी मीच न्हवं का?"

"मंग हरिओमच्या दुकानात बोलली काऊन न्हाई?"

"मला बी पायजे होता एक दिवस."

सरजाबाईंनी बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "म्हंजी तुमा बापलेकीत शुक्रवार कुणीच पाळत न्हवतं? मी एकटीच येडी बसले व्हय दारात?" भिंतीला हात टेकत त्या उठल्या, अर्पिताच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि बाजूला सरकल्या.

"जा माय, नीघ. नीट जा. आन् बन्सी, फुडल्या वेळंला लेकीला राहा म्हणायचं असलं, तर तोंडानं म्हण. लय स्वस्त पडतं."