सातव्या ओळीतली माणसं

"साहेब, आमच्या मालकाला मयत दाखवा की हो," सरजाबाई चौथ्यांदा सांगत होती. सिताराम जाऊन नऊ महिने झाले, तरी पिंगळीच्या घरकुल यादीत सातव्या ओळीवर तो धडधाकट होता. त्याच्या नावापुढे 'मयत' पडलं की घरकुल सरजाबाईच्या नावावर होणार. तोवर ती फाटक्या पत्र्यांखाली.

दत्तराव कारकुनांच्या कॉम्प्युटरमधल्या फाइलीत एक्केचाळीस गावं, गावागणिक वेगळी शीट. पिंगळी सापडेपर्यंत त्यांचा चहा व्हायचा. पण मागच्याच आठवड्यात मोबाइलवरच्या व्हिडिओत ते एक युक्ती शिकले होते : कंट्रोल धरून पेज डाउन मारलं की भराभर पुढची शीट.

"बघा मावशी, आता कसं विमान सुटतंय!"

विमान सुटलं. घाईत करंगळी तेवढी शिफ्टवर पडली. शिफ्ट दाबली की शीटा एकमेकींना बांधल्या जातात आणि एकीत लिहिलेलं सगळ्यांत उमटतं, हे व्हिडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं. दत्तरावांनी झोकात 'मयत' टाइप केलं आणि एकोणीस गावांतला सातव्या ओळीचा एकेक माणूस मेला.

यादी गावोगाव चिकटली. तिसऱ्या दिवशी करडवाडीचा मुंजाजी मेंढरांसकट कचेरीच्या दारात.

"मी कवा मेलो हो? अन् मेलो तर ही मेंढरं कोण चारायलंय?"

"जिवंत असल्याचा दाखला आणा."

"अवो, मीच आलोय की!"

"माणूस फाइलीला लागत नाही काका. कागद लागतो."

मुंजाजी आठवडाभर कागदासाठी हिंडला असता. पण त्या एकोणिसांत कचेरीच्या मोठ्या साहेबांचा सख्खा मेहुणाही निघाला. दुमजली घरात राहणारा मेहुणा घरकुलाच्या यादीत काय करत होता, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

"दत्तराव, आत्ताच्या आत्ता सगळे जिवंत करा!" साहेब ओरडले.

"सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे!"

हुकूम तो हुकूम. या वेळी दत्तरावांनी शिफ्ट मुद्दाम दाबली आणि एका दमात 'हयात' मारलं. अर्ध्या तासात सही-शिक्का होऊन यादी वर गेली. मेहुण्याचं घरकुल मंजूरही झालं.

सोमवारी सरजाबाई पाचव्यांदा आली. "झालं का साहेब?"

दत्तरावांनी पिंगळी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. सातवी ओळ : सिताराम, हयात.

"मावशी, यादी आता बंद झाली. हयात माणसाचं नाव काढायचं तर त्याचीच सही लागते."

"अन् मी मयतीचा दाखला दिलता त्यो?"

"तो जुना झाला. त्यानंतर ते हयात झालेत."

सरजाबाईनं पिशवी उचलली.

"हायत म्हणता? मग त्यांनाच सांगा, पावसाच्या आत पत्रे बदला म्हणावं. मला तर नऊ महिन्यांत एकदाबी भेटले न्हाईत."