फुलवंताचा मुतखडा

मुतखडा फुलवंताच्या पोटात होता, पण बोंब भैयालालने मारली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून तीन रस्ते सांगितले होते. बाहेरून यंत्राचे तडाखे देऊन खडा फोडायचा, पाठीला बारीक छिद्र पाडून काढायचा, नाहीतर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने चुरा करायचा. "विचार करून सांगा," असं ते फुलवंताला म्हणाले होते. विचार करायला बसला तिचा नवरा भैयालाल. आणि त्याच्यापुढे प्रश्न एकच होता. धानाचा रोवणा आठवड्यावर आला, बायको लावणीला बांधीत कधी उतरणार?

संध्याकाळी त्याने कामठा गावातले तीन अनुभवी मुतखडेवाले घरी बोलावले.

"मशीननं फोडा," मनिराम म्हणाला. "ना चिरा, ना टाका. मी तिसऱ्या दिवशी वावरात होतो."

"अन् महिनाभर तुकडे पडून राहिले होते, ते काऊन नाही सांगत?" योगराज उसळला. "पाठीतून काढा. माझा लिंबाएवढा होता, एका झटक्यात साफ!" त्याने सदरा वर करून व्रण दाखवला.

"हा मोठा शूरवीर! हप्ताभर खाटेवर कण्हत होता," छोटेलाल म्हणाला. "लेझर करा, दुसऱ्या दिवशी घरी."

"अन् आत नळी ठेवते, लघवीले जळजळ होते, ते कोन सांगन?" मनिरामने टोला हाणला.

फुलवंता कमरेवर हात दाबत तिसऱ्यांदा चहाची किटली घेऊन आली. "मुतखडा कोनाचा हाय?" तिने विचारलं.

"साखर कमी हाय," भैयालाल म्हणाला.

मला विचाराल तर ती किटली तिथेच त्याच्या टाळक्यावर ओतायला हवी होती. पण फुलवंता आत गेली आणि तिने मुलीला, दिव्याला, डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.

तीन माणसांची तीन मतं पडली, म्हणून दुसऱ्या दिवशी भैयालाल वावरातून परतताच पुन्हा बैठक बसली. चौथं मत द्यायला सालेकशाहून भैयालालचा साळा सुकराम आला. तो म्हणाला, कुळथाचा काढा द्या. मग तर हमरीतुमरीच झाली. तासभर भांडून सगळ्यांचे घसे सुकले, तेव्हा कुठे भैयालालच्या लक्षात आलं की चहा आलेला नाही. घरात कोणीच नव्हतं. पेटीतलं आयुष्मान कार्डही नव्हतं.

फोनवर दिव्या म्हणाली, "आईचं आपरेशन झालं. लेझरनं. सकाळीच उपाशीपोटी आलो होतो."

भैयालाल मोटारसायकल हाणत दवाखान्यात पोचला. "मले न विचारता? तिकडे चार मानसं डोकं फोडून राहिले!"

"खडा सरकून खाली मूत्रनळीत अडकला होता," डॉक्टर म्हणाले. "त्याला दुर्बीणच बरी. सही त्यांनी स्वतः केली."

"ते जाऊ द्या डॉक्टरसाब. रोवण्याले कधी उतरन?"

"तीन-चार दिवसांनी हळूहळू कामाला लागता येईल. पुढचं त्यांच्या त्रासावर."

"पंधरा दिवस," फुलवंता खाटेवरून म्हणाली.

"अवो, डॉक्टर तीन म्हनून राहिले!"

"तीन मुतखड्याचे," फुलवंता म्हणाली. "बाकीचे बारा तुमच्या बैठकीचे."

डॉक्टरांनी एकदा भैयालालकडे पाहिलं आणि कागदावर पंधरा लिहिले.