हमखास येणारं वाक्य

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आर्वी तालुक्यातल्या एका गावात सरकारी दवाखाना होता आणि हायस्कूलही होतं. दवाखान्याला इमारत, कोनशिला आणि पितळी कुलूप असं सगळं होतं, फक्त डॉक्टर नव्हता. हायस्कुलात इंग्रजीला झाडे सर होते, फक्त इंग्रजी नव्हतं. दोन्ही खात्यांचा कारभार असा वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

झाडे सरांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा सखोल अभ्यास करून एक शोध लावला होता. दहावीला भाषांतरात एक वाक्य हमखास येतं : ‘डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.’ तेवढं पक्कं केलं की परीक्षकाचं मन प्रसन्न होतं आणि पोरगं कसंबसं काठावर लागतं. बाकीचं व्याकरण ज्यांना विलायतेला जायचं आहे त्यांच्यासाठी, असं सरांचं मत होतं. म्हणून रोज सकाळी प्रार्थना झाली की सगळी शाळा हात जोडून एका सुरात म्हणायची, “द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.” पाचवीची पोरं तर ते प्रार्थनेचं शेवटचं कडवं समजत.

गावालाही हे वाक्य पटलं होतं. गणितातल्या हौदाला दोन नळ असतात यावर कोणाचा विश्वास नव्हता, कारण गावात एकही नळ नव्हता. भूगोलातला समुद्र कोणी पाहिला नव्हता. हे वाक्य मात्र लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. साप चावो की बाळंतीण अडो, ते कधी खोटं ठरलं नव्हतं. मयताहून परतणारी माणसंही ते पुटपुटत घरी जात.

आणि अशा या गावात डॉक्टर आला.

ताराचंद त्याचं नाव. नोकरी नवी, वय कोवळं. डॉक्टरने नेमणुकीच्या गावीच राहायचं असतं, हा सरकारी नियम या वेड्याने खरा मानला आणि तो दवाखान्यातल्या खोलीत राहू लागला. डिसेंबरात रूपराव म्हाताऱ्याला दम्याने गाठलं. ओठ निळे पडले. दहावीतली त्यांची नात कोकिळा धावत गेली आणि डॉक्टर अनवाणी तिच्यामागे धावत आला. त्याने इंजेक्शन दिलं. संध्याकाळी रूपराव ओट्यावर बसून बशीत चहा पीत होते.

जानेवारीत शाळेची सराव परीक्षा झाली. कोकिळा वर्गात पहिली येणारी. तिने भाषांतरात लिहिलं, की डॉक्टर वेळेवर आला आणि रोगी जगला. तिच्या मागेपुढे बसणाऱ्यांनी परंपरेप्रमाणे तेच उतरवलं आणि अर्धा वर्ग नापास झाला.

“हे काय लिहिलंस?” झाडे सरांनी विचारलं.

“सर, डॉक्टर आलता ना. आमचे आबाजी जित्ते हाय.”

“ते तुझ्या घरी. बोर्डात रोगी मेलेलाच असतो.”

“पन मी खोटं कसं लिहू, सर?”

“खोटं? अगं, परीक्षा आहे ही!” सरांना मनापासून वाईट वाटलं.

शाळेच्या समितीची तातडीची सभा बसली. मुख्याध्यापक महादेवरावांनी गंभीरपणे सांगितलं की, निकाल पडला तर अनुदान जाईल. अध्यक्ष भैय्याजी, गावातले किराणा दुकानदार, यांनी तोडगा काढला.

“डाक्टर मानूस चांगला हाय. त्याच्यावर आपली नाराजी नाई,” भैय्याजी म्हणाले. “पन त्याच्यापाई पोरायचा अभ्यास बिघडून राह्यला ना. मार्चपर्यंत दुसरीकडे पाठवा म्हना त्याले. परीक्षा झाली का येजो म्हनू.”

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या रूपरावांकडे पाहिलं. म्हातारा सावकाश उठला. “माहं काय, मी आज हाय, उद्या नाई. पोरीचं वर्ष वाया नाई गेलं पाह्यजे,” असं म्हणून त्याने अर्जावर पहिला अंगठा उठवला.

डॉक्टर द्या, असे गावाने आजवर केलेले अर्ज कुठे गेले, हे आरोग्य खात्यालाही माहीत नव्हतं. डॉक्टर न्या, हा अर्ज मात्र आठवड्यात मंजूर झाला. नेणं सरकारला नेहमीच सोपं जातं. बदलीच्या हुकमात ‘शैक्षणिक कारणास्तव’ असं लिहिलं होतं. गावाने ताराचंदला नारळ दिला, मुलींनी ते वाक्य म्हणून निरोप दिला आणि पितळी कुलूप पुन्हा आपल्या जागी लागलं. शाळेचं इंग्रजी लगेच सुधारलं.

मार्चमध्ये इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी सकाळीच रूपरावांचा दम उसळला. कोकिळा दवाखान्यापर्यंत पळत गेली आणि कुलूप पाहून परत आली. शेजाऱ्यांनी बैलगाडी जुंपली, म्हाताऱ्याला आर्वीला न्यायला निघाले. गाडी शिवेपर्यंतही पोचली नाही.

झाडे सर तिथेच आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“चल कोकिळा, यष्टी चुकेल. रडायला पुढे दिवस आहेत.”

“अवो, तिच्या आज्याले अजून खाली तं ठेवू द्या!” आजी मनकर्णाबाई ओरडल्या.

“आजी, तुमच्याच माणसाची इच्छा होती. वर्ष वाया जायला नको,” सर म्हणाले. मुलीला यष्टीत बसवून दिलं.

पेपरात ते वाक्य आलं होतं. कोकिळेने ते लिहिलं. कुठेही खाडाखोड केली नाही.

त्या वर्षी सगळाच्या सगळा वर्ग इंग्रजीत पास झाला. सत्कार दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवला, कारण गावात तेवढी एकच ऐसपैस जागा कायम रिकामी असे. शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. मुलं खेड्यातली असूनही त्यांचं इंग्रजी अनुभवातून आलेलं वाटतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी कोकिळेला दोन शब्द बोलायला सांगितलं.

कोकिळेने गळ्यातला हार काढून हातात घेतला.

“सर, डॉक्टर काऊन नाई आला?”

साहेब पानाचा डबा शोधू लागले. झाडे सर मायेने हसले.

“बेटा, ‘का’ हे पेपरात विचारत नाहीत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाचकहो, हे वाक्य तुम्हालाही पाठ असणार. वर ते इंग्रजीत आलं, तेव्हा ‘हॅड’ जागेवर आहे ना, एवढं पाहून तुम्ही समाधानाने पुढे सरकलात. रोगी कोण होता, हे तुम्ही शाळेतही कधी विचारलं नव्हतं. काळजी करू नका. तुम्हालाही पूर्ण गुण आहेत.