तिन्ही दफ्तरांस हात न लावितां धाकट्याबाईंनी आपले नांव सोडविल्याची हकीकत

सकळ जगाचा हिशेब ज्याचे हाती, आणि ज्याचे दरबारी एकाचे पुण्य दुसऱ्याचे खाती कधी पडत नाही, त्या दयाघनास दंडवत घालून, श्रोते सज्जनांनी क्षणभर चित्त द्यावे, ऐसी विनंती करून मजकूर लिहितो तो ऐसाजे.

पार्सल कोठे पोहोचले हे लोकांस सांगणारी एक कचेरी होती. तेथील आज्ञावली लिहिण्याचे काम पूर्वी अण्णा म्हणून एक थोर पुरुष करीत. ते सेवानिवृत्त होऊन घरी झाडांस पाणी घालूं लागले, आणि त्यांचे खुर्चीवर, त्यांचेच संगणकासमोर, धाकट्याबाईंची नेमणूक जाहली. परंतु नेमणूक कच्ची, काम पाहून कायम करावी ऐसा करार. आता त्या संगणकांत गिट म्हणून एक चोख कारकून वसे. कोणी कोणती ओळ लिहिली, कोणी बदलली, हे तो टिपून ठेवी. मात्र लिहिणाराचे नांव तो माणसाचे मुखाकडे पाहून घेत नसे, दफ्तरांत, म्हणजे सेटिंगच्या फाइलींत, लिहिले असेल तेच घेई. आणि दफ्तरांत अण्णांचे नांव होते. सबब धाकट्याबाईंनी रक्त आटवावे, आणि कीर्ति अण्णांची व्हावी, ऐसा प्रकार चालला.

मोठेसाहेब दर बैठकीस गिटाचा तक्ता पाहात आणि सद्गदित होऊन म्हणत, "अण्णा गेले, पण काम बघा कसं सोडून गेलेत!" धाकट्याबाईंचे नांवापुढे शून्य. बाईंनी अर्ज केला, की साहेब, ते काम माझे. त्यावर आज्ञा जाहली की, तोंडी कारभार येथे चालत नाही, गिटांत दिसेल तेच खरे. शुक्रवारचे बैठकीपर्यंत काम स्वनामे दिसले तर नेमणूक कायम, न दिसले तर रजा घ्यावी. हे ऐकून बाई आपले मेजाशी येऊन रडूं लागल्या, कारण आधीची नोकरी सोडून त्या मोठ्या उमेदीने येथे आल्या होत्या.

दफ्तरे तीन: एक यंत्राचे, एक खात्याचे, एक प्रकल्पाचे. तिन्हींचा बंदोबस्त किल्लेदार नामे संगणक-व्यवस्थापकाकडे. मागे कोणी दफ्तरांत ढवळाढवळ करून सारी कचेरी बंद पाडिली होती. तेव्हापासून किल्लेदारांची सक्त ताकीद होती की, जो दफ्तरास हात लावील त्याची गय होणार नाही. आणि ऐन समयी किल्लेदार सासुरवाडीस गेले. फोन केला तो त्यांनी जेवतां जेवतां हुकूम फर्माविला की, आपण परत येईतो कोणी काही करूं नये. मग फोन बंद.

शेजारचे मेजावर थोरल्याबाई बसत. वयाने वडील, जिभेने तिखट, अंतःकरणाने लोणी. त्या म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? अण्णांना फोन कर आणि म्हण, तुमचा पगार मला द्या!" मग धाकट्याबाईंस हसूं आले, आणि हसूं आले तैसी हिंमत आली, आणि त्यांनी गिटाचा मूळ ग्रंथ काढून पारायण आरंभिले. तेथे गुह्य सापडले ते येणेंप्रमाणे. गिट प्रथम यंत्राचे दफ्तर वाची, मग खात्याचे, मग प्रकल्पाचे, आणि शेवटचे वाचले ते प्रमाण मानी. परंतु संगणकाचे काळ्या खिडकींत, जीस टर्मिनल म्हणतात, धन्याने उभ्या उभ्या हुकूम सोडिला, ज्यास एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात, तर तिन्ही दफ्तरे बाजूस सारून तो हुकूमच शिरसावंद्य करी. दफ्तर अभंग, ताकीद अभंग, आणि काम फत्ते! खिडकी मिटली की हुकूम विरला, इतकीच काय ती मेख.

मग बाईंनी देवाचे स्मरण करून खिडकी उघडिली, आणि लेखकाचे नांव म्हणून आपले नांव पुकारिले, आणि नवे काम गिटाचे स्वाधीन केले. तक्ता पाहतात तो लेखक धाकट्याबाई, आणि खाली, नोंद करणार अण्णा! लिहिणारा एक आणि नोंदणारा एक, ऐसे दोन मानकरी गिटाचे घरी असतात, हे ध्यानी राहिले नव्हते. तितक्यांत मोठेसाहेब मागून डोकावले आणि गहिवरून बोलिले, "वा! अण्णा घरी बसूनसुद्धा तुमच्याकडून करून घेतात!"

थोरल्याबाईंनी कपाळ बडविले. परंतु धाकट्याबाई आता हटणार नव्हत्या. त्यांनी दुसरा हुकूम सोडिला, नोंदणाराचेही नांव आपले केले, आणि खिडकीपुढे ठाण मांडिले. "उठू नकोस," थोरल्याबाई म्हणाल्या, "खिडकी बंद करायची तुला फार खोड आहे. चहा मी इथे आणते." ऐसा चहाचा पुरवठा अखंड राखून आठवडाभर मोर्चा चालविला.

शुक्रवारी बैठक भरली आणि मोठेसाहेब तक्ता उघडणार, तोच गोदामातून आरोळी आली की, पार्सल अजून येथेच पडले आहे आणि गिऱ्हाइकास पोहोचले म्हणून दिसते! साहेबांचा क्रोध अनावर जाहला. पूर्वी ऐसे घडतां गिटांत अण्णांचे नांव निघे आणि राग जागचे जागी विरे, निवृत्तास काय बोलावे? आज ती ओळ कोणाची म्हणून शोधिले, तो वरही धाकट्याबाई आणि खालीही धाकट्याबाई! मग साहेबांनी भर सभेत, नांव घेऊन घेऊन, ऐसी झाडाझडती मांडिली की भिंती हादरल्या. आणि धाकट्याबाईंचे डोळे भरले, आणि मुखावर आनंद मावेना.

"हसताय काय?"

"साहेब, माझंच नाव वाचलंत ना?"

 मग साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि थोरल्याबाईंकडे पाहिले, आणि आज्ञा जाहली: "चूक आजच दुरुस्त करा. आणि यांना कायम करून टाका. ज्याला ओरडायचं, तो माणूस इथे हजर पाहिजे!"

येणेंप्रमाणे, दफ्तराचे एक अक्षर न ढळतां, धाकट्याबाईंचे नांव दोषासह त्यांचे पदरी पडले, आणि त्यांनी तो प्रसाद मानून दोन्ही हातांनी घेतला. मोहीम फत्ते जाहली. पार्सल सायंकाळी निघाले. बहुत काय लिहिणे, लोभ असावा.