चिमूटभर तांबं

मस्के सरांना “काय सर, कसं काय?” असं विचारलं, की ते शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढतात, हवेत धरतात आणि म्हणतात, “एक्केचाळीस.” विचारणारा सहसा पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. केजच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवतात आणि मी केमिस्ट्री, त्यामुळे मला पळता येत नाही.

दुसरी खोड जेवणाची. डब्यातली आमटी कशीही असो, तिला ते चांगली म्हणत नाहीत की वाईट. “काय टाकलं ते सोडा, किती टाकलं ते सांगा.” हे वाक्य त्यांनी आमटीला, गावातल्या सोयरिकींना आणि निवडणुकीतल्या युत्यांना सारखंच लावलेलं मी ऐकलंय.

ते वाक्य आलं त्यांच्या धातूवरून. निकेल, मँगनीज आणि गॅलियम प्रमाणात वितळवले की एक विचित्र धातू तयार होतो. लोहचुंबक जवळ नेला की त्याची लांबी बदलते, चुंबक फिरवला की तो पुन्हा पहिल्या आकारावर येतो. थंड खोलीत हे तो मुकाट्याने करतो, केजच्या मे महिन्यात मात्र ढिम्म हलत नाही. सरांना तो आपल्या उन्हात हलवायचा होता. थोडं तांबं घातलं की तो उष्णता सोसतो, पण जास्त झालं की चुंबकाला जुमानत नाही. मग कोबाल्ट घालून त्याला पुन्हा वळणावर आणायचं. या घालण्या-काढण्यात सरांची अकरा वर्षं गेली. गॅलियम तर उन्हाळ्यात नुसतं ठेवलं तरी वितळतं, म्हणून त्याची डबी कँटीनच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी असायची. कँटीनवाला तिला नमस्कार करून मगच दूध काढायचा.

यंदा प्राचार्यांनी सांगून टाकलं की मे महिन्यात पाहणीला समिती येणार. तिच्यासमोर धातू हलला तर प्रयोगाची खोली सरांकडे राहील, नाहीतर तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जातील. गॅलियम एकाच वेळेपुरतं उरलं होतं.

सरांचा हात अलीकडे थरथरतो, म्हणून तोलायला मला बोलावलं. आमचं पिढीजात धान्याचं दुकान. माप झालं की वर थोडं घालावं, गिऱ्हाइकाला कोरडं माप देऊ नये, हे आजोबांनी कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. तांबं तोलताना काटा अचूक थांबला, ते मी बाकीच्या भुकट्यांच्या बाटलीत ओतलं, आणि कळायच्या आत माझ्या हाताने वर एक चिमूट टाकलीसुद्धा. भुकटीत भुकटी मिसळून गेली. सर पाठमोरे होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मी बाटलीला बूच लावलं.

बाटली मांडीवर घेऊन सर एसटीने परजिल्ह्यातल्या भट्टीवर गेले आणि ती तिथे देऊन आले. नमुना तयार होऊन यायला काही आठवडे लागले. तेवढे दिवस मी रोज दुपारी त्यांच्या प्रयोगाच्या खोलीत जाऊन बसायचो. मनात चोर होता, दुसरं काही नाही. सर तासन्‌तास बोलायचे, मी घाम पुसायचो आणि उद्या सांगू म्हणून उठायचो.

समिती आली. थर्मामीटर त्रेचाळीसवर होता. काडीएवढा नमुना चिमट्यात, त्याला टेकलेला, लांबी दाखवणारा काटा, आणि काट्यावर सगळ्यांचे डोळे. सरांनी चुंबक फिरवला. काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा फिरवला, मग उलटा फिरवला. पंख्याचा आवाजही मला सहन होईना. कुणीतरी घसा खाकरला. मी तोंड उघडणार, तोच सरांनी चुंबक खाली ठेवला.

“परमान माझंच चुकलं,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शनिवारपर्यंत खोली रिकामी करा, असं प्राचार्यांनी दारातच सांगितलं आणि सगळे जेवायला गेले.

मग मात्र मी सगळं ओकून टाकलं. चिमूट, आजोबा, घरची सवय, सगळं. सर नमुना कापसात गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“म्हाईत हाय. बाटली मी त्याच दिशी परत तोलली व्हती.”

मग त्याच दिवशी का बोलला नाहीत, मी विचारलं. भट्टीवर तरी कशाला गेलात?

“बोललो असतो तर तुमी शरमून यायचं बंद केलं असतं,” सर म्हणाले. “अकरा वर्सांत या खोलीत येऊन कुनी बसलं न्हाई.”

त्यांनी एक खुर्ची पुसून माझ्याकडे सरकवली. शनिवारला अजून तीन दिवस होते.