विमानाले कायचं वळण?

लटारीभाऊंना कुठलेही दोन विमानतळ सांगा, चहा निवायच्या आत मधलं अंतर आणि उडायला लागणारा वेळ तयार. "नागपूर-कलकत्ता? सहाशे मैल. पावनेचार घंटे!" स्वतः मात्र विमानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. चंद्रपूरला आम्ही तेव्हा चांदाच म्हणत असू; त्या चांद्यावरून एखादं विमान गेलं, की हे टोपी सावरत ते दिसेनासं होईपर्यंत रस्त्यात उभे.

आम्ही दोघंही जंगलखात्याच्या कचेरीत कारकून. नकाशातल्या रस्त्याच्या वळणांवरून दोरा वाकवत नेऊन अंतर काढायचं, ही तिथली जुनी रीत. लटारीभाऊंनी तोच दोरा ताठ केला आणि उड्डाणाच्या दर तासाला एक गाठ मारली. "रस्त्याले वळण असते भाऊ, विमानाले कायचं वळण?"

भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर एक टोक ते धरत. दुसरं धरायला माणसं धावायची. लाकडाचे व्यापारी रहीमभाई तर परवान्याचं काम विसरून तेच धरून बसत. मी कधी धरलं नाही. मला कोणी बोलावलंच नाही, हे खरं कारण. वास्तविक नागपूरला जाऊन, तारेच्या कुंपणाला नाक लावून, विमान जवळून पाहिलेला कचेरीत मी एकटा. पण विचारतो कोण? माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात आमचे साहेब नागपूरहून दिल्लीला खरोखरच विमानानं जाऊन आले. सगळ्यांदेखत लटारीभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लटारी, फक्त पाच मिनिटांचा फरक!" त्या दिवशी मला डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी भर कचेरीत मी विचारलं, "लटारीभाऊ, चांदा ते भामरागड किती वेळ लागते?"

इथे विमानतळ नाही, तिथे तर नाहीच. तिथे जंगल, नद्यांचा संगम, आणि पावसाळ्यात रस्ताही बंद. आता होईल फजिती, म्हणून मी वाट पाहत होतो.

त्यांनी दोऱ्याला हातही लावला नाही. "पस्तीस मिनिटं."

कचेरी खो खो हसली. मी म्हणालो, "अन् उतरन कुठी? सागाच्या शेंड्यावर?"

"नदीच्या वाळूत उतरते. पन श्रावणात वाळू नाई राहत." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "बायको तिथी माहेरी होती, बाळंतपणाले. बिमार हाय म्हणून निरोप आला, तवा नद्या भरून होत्या. मले पोचाले अकरा दिवस लागले. नऊ दिवस वाट पाह्यली तिनं."

हसू कुठल्या कुठे गेलं. मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी या माणसावर जळत होतो!

जेवणाच्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी नकाशापाशी जाऊन हात पुढे केला. लटारीभाऊंनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते चांद्यावर धरलं. त्यांनी दोरा ताणून भामरागडावर बोट टेकवलं. कागद तिथे झिजून पांढरा झाला होता. मधे जेमतेम चार बोटं दोरा होता. पहिल्या गाठीपर्यंतसुद्धा तो पोचत नव्हता.